हात बरे झाल्यावर या

सकाळी सुभेदारकाकांनी पेपर झटकला आणि त्यातलं पत्रक माझ्या पायाशी पडलं.

मी पत्रकं लिहिणारी बाई. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून कामगार संघटनेची पिवळी पत्रकं लिहितेय. हलका कागद, हाताला लागणारी शाई. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर वाटायची, एमआयडीसीच्या गेटवर वाटायची, त्यातली निम्मी तासाभरात भेळेला बांधली जातात. त्यामुळं दुसऱ्याचं पत्रक दिसलं की वाचायच्या आधी मी कागद चाचपते. हा जाड होता, गुळगुळीत होता. निळा डोंगर, डोंगरावर बर्फ, बर्फात उभं एक मराठी जोडपं, बाईच्या साडीवर लाल कोट. आणि वर ठळक अक्षरांत: युरोप तुमची वाट पाहतोय. निश्चिंत या, सुरक्षित फिरा.

लॉकडाऊन उठून किती वर्षं झाली! लोकांनी मास्क आधी गाडीच्या आरशाला टांगले, मग पायपुसणी केले, मग विसरले. पण सहलवाल्यांना तेव्हा जो ‘सुरक्षित’ शब्द सापडला तो अजून त्यांच्या तोंडातून सुटलेला नाही.

सुभेदारकाका माझे घरमालक. फौजेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी चहाचा कप सलामी दिल्यासारखा उचलतात. माणूस चांगला आहे. पत्रकाकडं बोट करून म्हणाले, “अगं सुजाता, आम्ही दोघं जातोय बरं का! परवाच पुण्याला जाऊन व्हिसासाठी बोटं देऊन आलो. डावी चार, उजवी चार, दोन अंगठे. एक मिनिट! ती पोरगी म्हणाली, अंकल, एकदम क्लियर.” आणि त्यांनी दोन्ही पंजे उन्हात धरून मला दाखवले.

सत्तरीच्या माणसाच्या बोटांचा कुणाला राग येतो का? मला आला. असा आला की चहा तसाच ठेवून मी वर खोलीत निघून आले. काकांचा काही दोष नव्हता. त्यांच्या बोटांवर रेघा होत्या, एवढंच.

माघ उतरणीला लागला की साताऱ्यातही ऊन बदलतं. अजिंक्यताऱ्याचं गवत पिवळं पडून खरखरीत होतं, दुपारी धूळ उठते, आणि मला नाकात वास येतो तो इथला नसतोच. गंधकाचा. त्याच्या खाली मुरलेला, आंबूस-गोड, वाळत चाललेल्या द्राक्षांचा. शंभर किलोमीटरवरून वास येत नाही हे मलाही कळतं. पण माझं आजोळ तासगावच्या बाजूला. गावाचं नाव सांगत नाही, कारण माझ्या शालनमावशीला अजून त्याच शेडवर कामाला जायचं आहे. लहानपणी सुट्टीला गेलं की मावशी शेडवरून यायची आणि तिच्या पदराला तो वास असायचा. मी पदरात तोंड खुपसायचे. ती म्हणायची, “लांब हो, गंधक लागल डोळ्याला.” आणि हात मात्र मागं लपवायची. मला वाटायचं, खाऊ आहे हातात.

आता ती शेड कशी आहे ते सांगते, कारण सगळं त्या एका भिंतीवर आहे. मालक एकच, बापू. बागायतदारांच्या गटाचे अध्यक्ष. भिंतीच्या अलीकडं पॅकहाऊस: पांढरी फरशी, थंडगार, ट्यूबलाइटचा उजेड. इथली द्राक्षं युरोपला जातात. बायका डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात पातळ मोजे घालून घड साफ करतात, डब्यात भरतात, डब्यांची पेटी होते. पेटीवर बागेचा नंबर, आणि भरणाऱ्या बाईचाही नंबर. मावशीचा सतरा. तिकडं कुणाच्या डब्यात एक सडका मणी निघाला, तर इथं कुठल्या बागेतला आणि कुठल्या बाईच्या हातातला, ते अर्ध्या तासात सांगता येतं. भिंतीच्या पलीकडं बेदाण्याची शेड: पत्र्याचं छत, मजल्यावर मजले ताणलेल्या हिरव्या जाळ्या, आणि मधोमध टाकी. टाकीत पावडर आणि ऑइल कालवलेलं पाणी. त्यात घड बुडवले की सालीवरचा मेणासारखा थर सुटतो, आतलं पाणी लवकर उडतं, द्राक्षाचा बेदाणा होतो, मग रंगासाठी गंधकाची धुरी. बायका घड बुडवतात, निथळवतात, जाळीवर पसरतात. उघड्या हातांनी. हा माल इथल्याच बाजारात जातो. त्याला तपासायला कुणी येत नाही.

त्याच बायका. सकाळी अलीकडं, दुपारी पलीकडं. मोजे भिंतीपाशी काढून ठेवायचे. किती वर्षं मी त्या शेडवर जात होते! पत्रकं वाटत होते, घोषणा शिकवत होते. आणि मला वाटायचं, चला, निदान पॅकहाऊसमध्ये तरी बायकांना मोजे देतात. ते मोजे हातांसाठी नव्हतेच हो. द्राक्षाला बाईचा हात लागू नये म्हणून होते. द्राक्षाची साल सोलणारं पाणी बाईच्या सालीचं काय करत असेल, हा प्रश्न पडायला मला एक परदेशी काच लागली.

लॉकडाऊन लागला तेव्हा हंगाम ऐन भरात होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही, चौकाचौकात पोलीस, आणि घड वेलीवर पिकून तयार. माणसं घरात कोंडली, पण निर्यातीच्या द्राक्षांना पास मिळाला. द्राक्षांच्या पासावर बायका टेंपोत बसून जायच्या. मी तेव्हा आजोळी अडकले होते. टेंपो दारात थांबायचा. टीव्हीवर कुणी डॉक्टर मास्क कसा लावायचा ते शिकवत असायचा, आणि मावशीची मैत्रीण रेहाना टेंपोतून ओरडायची, “आगं त्येला सांगा की, आमी धा वर्सं मास्क लावतुय! द्राक्षाला सर्दी व्हाय नगं म्हणून!” सगळा टेंपो हसायचा.

त्याच रेहानाचा थोरला भाऊ पुढच्या लाटेत एका दवाखान्यात भरती झाला, आणि दोन दिवस तो कुठल्या खाटेवर आहे हे घरच्यांना कळेना. या खिडकीतून त्या खिडकीत, या फोनवरून त्या फोनवर. तिसऱ्या दिवशी सापडला. वाचला. पण त्या दोन दिवसांत पॅकहाऊसच्या दारात बापू फोन हातात धरून लोकांना कौतुकानं दाखवत होते, आपली पेटी आत्ता कुठल्या समुद्रात आहे ते. रेहाना बघत उभी होती. मला म्हणाली, “सुजे, माज्या भावाच्या पाठीवर पेटीचं ल्येबल चिकटवाय पायजे हुतं.” हसली नाही.

आणखी एक गोष्ट त्याच दिवसांतली. रेशनच्या दुकानात मावशीचा अंगठा मशीनला लागायचा नाही. तीनदा रांगेत उभी राहून तीनदा रिकामी पिशवी घेऊन आली. मग ती लेकीला पाठवायला लागली. मी लगेच पत्रक काढलं. जळजळीत! ‘नेटवर्क नाही म्हणून गरिबाच्या पोटाला कुलूप.’ नेटवर्क! दुकानदार म्हणाला नेटवर्क, मी छापलं नेटवर्क. मावशीचा हात हातात घेऊन एकदा उलटा करून बघितला असता तर? पण आम्हाला घोषणा आधी सुचते, बघणं नंतर.

मग निर्बंध उठले. विमानं सुरू झाली, पेपरातून बर्फाची पत्रकं पडायला लागली, आणि ज्यांनी दोन वर्षं उंबरा ओलांडला नव्हता ते एकदम जग बघायला निघाले. मला आठवतोय तो हंगाम, त्या वर्षीचा. थंडी चांगली पडली होती, मण्यांना गोडी आली होती, कडुनिंबाची पानं गळत होती आणि पॅकहाऊसच्या अंगणात बापू खुर्चीवर उभे राहून भाषण करत होते. बागायतदारांचा अभ्यासदौरा युरोपला जाणार. बाजार बघणार, बंदर बघणार, आणि जाता जाता बर्फही बघणार. तिकडच्या खरेदीदारांचं पत्र आलं होतं की दौऱ्यात पॅकहाऊसमधली एक महिला असावी, आम्हाला तिचं स्वागत करायला आवडेल.

एक महिला. बापूंनी यादी लावली आणि त्यात महिला म्हणून नाव होतं वैनींचं, म्हणजे बापूंच्या बायकोचं. वैनी वाईट नाहीत. पण पॅकहाऊसमध्ये त्या वर्षातून एकदा, पूजेला यायच्या.

तीन दिवसांत मी पत्रक काढलं. मथळा: ‘घड भरणारे हात युरोप बघणार की नाही?’ वर एका पंजाचं चित्र, मीच काढलेलं, पाचही बोटं ताठ. तासगावच्या बाजारात वाटलं, स्टँडवर वाटलं, एक प्रत खरेदीदारांना जाईल अशी सोय केली. बापू चरफडले, पण नमले. यादीत वैनींच्या नावावर काट बसली आणि शालनमावशीचं नाव आलं. आम्ही शेडमध्ये पेढे वाटले. मी तर हवेतच होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पत्रकानं काहीतरी घडलं होतं.

“पण तुला बघायचंय काय तिथं?” मी मावशीला विचारलं. मला वाटलं, म्हणेल बर्फ.

मावशी जाळीवरचे घड सारखे करत होती. म्हणाली, “मला ती बाई बगायचीया.”

“कुठली?”

“जी पेटी उघडती. ईस वर्सं मी हितनं बंद करतीया, तर तिकडं कोण तरी उघडत आसंलच की. माज्यावाणीच आसंल कोण तरी. पेटीवर सतरा बघून म्हणत आसंल, ही सतरा कोण बया? तिला म्हणीन, मीच ती.”

रेहाना पलीकडनं म्हणाली, “आनि ती म्हणंल, मागच्या साली एक मणी सडका हुता, त्याचं काय?”

“म्हणीन, तो रेहानानं घातलावता.”

मावशीनं पासपोर्ट काढला. लसीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं. लेकीचे जुने पांढरे बूट घालून ती संध्याकाळी बागेच्या सरींमधून चालायचा सराव करायची, साडी वर खोचून, आणि आजूबाजूच्या बायका बांधावरून ओरडायच्या, “आलं का गं लंडन?” ती म्हणायची, “आवो, अजून मिरज बी न्हाई आलं!”

फाल्गुनात व्हिसासाठी पुण्याची तारीख मिळाली. पूर्ण गटाची एकच. बापूंच्या दोन गाड्यांत जागा नव्हती, म्हणून मी आणि मावशी पहाटेच्या एसटीनं गेलो. आदल्या संध्याकाळपर्यंत ती टाकीवर होती. हंगाम होता, तोडणी थांबत नाही. तिनं तळवे चिंचेनं घासले होते. काचेपाशी जायचंय, घाण दिसू नये म्हणून.

व्हिसाच्या केंद्रात गारवा होता, पॅकहाऊससारखा. बापूंची बोटं लागली. बाकीच्या बागायतदारांची लागली. हिरवा दिवा, हिरवा दिवा, पुढचे. मग मावशी. तिनं काचेवर उजव्या हाताची चार बोटं ठेवली. लाल. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “जोरात दाबा.” मावशीनं दाबली. लाल. ओला कागद दिला, पुसून ठेवा. लाल. डावा हात. लाल. अंगठे. मशीनच्या पडद्यावर बाकीच्यांच्या बोटांचे ठसे दिसत होते तसं काहीच येत नव्हतं, नुसते करडे गोळे. बोटांच्या जागी बोटं होती आणि त्यांवर काही नव्हतं. मुलीनं एका साहेबांना बोलावलं. साहेबांनी मावशीचा हात धरून उजेडात उलटा केला.

तेव्हा मी तो पहिल्यांदा बघितला.

बोटांची टोकं चकचकीत होती. तासलेल्या लाकडासारखी. मध्ये मध्ये भेगा, भेगांच्या कडा पांढऱ्या, चिंचेनं घासून लाल झालेल्या. रेघ म्हणून एक नाही. साहेब चांगल्या आवाजात म्हणाले, “मावशी, हात बरे झाल्यावर या. पंधरा-वीस दिवस कामाला लावू नका.”

पुढं कुणीतरी सांगितलं की अशा हातांसाठी वेगळी वाट असते, कागदपत्रं दिली तर सोडतात. असेल. काचेपलीकडं कुणी ते बोललं नाही आणि काचेअलीकडं मी, जिला कायद्यांची कलमं पाठ आहेत, तोंड उघडलं नाही. मी माझ्या पत्रकातल्या पंजाचा विचार करत होते. पाचही बोटं ताठ आणि सगळ्या बोटांवर मी हौसेनं रेघा काढल्या होत्या. चित्र काढताना मी समोर माझाच हात ठेवला होता.

परतीची एसटी साताऱ्याला थांबली. स्टँडवर ऊन मरणाचं होतं. मावशीनं हात पदराखाली घेतले होते. मी म्हटलं, “काहीतरी खा.” ती म्हणाली, “रेशनच्या मशीनला बी मीच लागत न्हवते व्हय गं मग?” मी केळं सोलून तिच्यापुढं धरलं. “तू छापलंवतंस, नेटवर्क.” गाडी हलली. “आसूंदे. मला बी तसंच वाटाय लागलंवतं.” आणि तिनं मला समजावलं. तिनं, मला!

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कळलं. मला वाटलं, बायका हळहळतील. रेहानानं पदर खोचला आणि जाहीर केलं, “आजपासनं शालन टाकीला हात लावनार न्हाई. तिच्या वाट्याचं मी बुडवीन, सकाळी मी, दुपारी बाकीच्या. ही बसून मणी निवडंल. हात सुके पायजेत, नवरीचं असत्यात तसं.” आणि खरंच तसं केलं. कुणी खोबरेल तेल आणलं, कुणी तूप. मावशी सुती मोजे घालून कोपऱ्यात बेदाणे निवडत बसायची आणि तिला ते सोसायचं नाही. “बसून बसून अंग आंबलंय,” म्हणायची. येणारी-जाणारी टोमणा मारायची, “मेंदी सुकली का?”

पॅकहाऊसमध्ये शिक्का मारायचं निळं पॅड होतं. रेहाना रोज संध्याकाळी मावशीची बोटं त्यावर दाबायची आणि माझ्या पिवळ्या पत्रकाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर उठवायची. पहिला दिवस, डाग. दुसरा, तिसरा, डाग. पत्रकांचा गठ्ठा संपायला आला. सातव्या दिवशी करंगळीच्या डागात एक बारीक पांढरी रेघ दिसली. केसासारखी. सगळ्या शेडनं ती बघितली. कुणी म्हणालं चुरगळलेल्या कागदाची आहे. पुन्हा उठवलं, पुन्हा आली. दहाव्या दिवशी करंगळीशेजारच्या बोटावरही वळण आलं, पाण्यावर उठतं तसं. मी नवी तारीख मिळवली होती, तिथून नऊ दिवसांनंतरची. माझ्या आयुष्यात मी कशाकडं एवढं टक लावून बघितलेलं नाही, जेवढं त्या कागदांकडं.

अकराव्या दिवशी बापू शेडमध्ये आले. खुर्चीवर चढले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, “शालनबाई, तुमच्या वैनींचं करून टाकलं आज. त्यांची बोटं पैल्याच झटक्यात लागली.”

मावशी मणी निवडत राहिली. रेहाना म्हणाली, “आवं बापू, आठ दिस ऱ्हायलं हुतं की! करंगळी आलीया, शेजारचं आलंया.”

“आगं, दोन बोटांवर कुठं युरोप व्हतोय का? शीट वाया कशाला घालवायची? महिला पायजे म्हणत हुते, महिला दिली. तुमी काय वाईट वाटून घिऊ नका. पुढच्या साली बगू.”

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही, आठवतं ते छापण्यासारखं नाही. बापू शांत होते. जाताना टाकीकडं बघून म्हणाले, “आनि आता मोकळ्या झालाय तर हात लावा. माल पडून हाय.” मावशी उठली. मोजे काढले, घडी घातली, खिळ्याला अडकवले. बाह्या वर केल्या आणि टाकीत हात घातले, कोपरापर्यंत. अकरा दिवसांच्या रेघा. मला वाटलं पाणी उकळेल. काही झालं नाही. नुसता तो वास आला.

वैनी पंधरा दिवस जग फिरून आल्या. सगळ्यांना चॉकलेट. मावशीला वेगळं, हाताला लावायचं मलम, फुलांच्या चित्राच्या नळीतलं. मनापासून आणलेलं होतं, हे मी अजूनही रागानं म्हणते. मग वैनींनी फोनवर फोटो दाखवले: बर्फ, पूल, बर्फ, आणि एका मोठ्या दुकानात द्राक्षांच्या डब्यांपाशी हसणाऱ्या वैनी. मावशीनं फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं करायला गेली. पडद्यानं तिची बोटं ओळखली नाहीत. रेहानानं मोठं करून दिलं. मागं उघडलेली पेटी होती, तिच्यावर शिक्का. सतरा.

“माजीच की,” मावशी म्हणाली. “वैनी, पेटी उघडनारी बाई कशी हुती?”

वैनी गोंधळल्या. “बाई? तिथं कोण नव्हतं बाई. आम्ही गेलो तेव्हा उघडलेलीच होती.”

त्याला किती हंगाम झाले! दर वर्षी बापू ‘पुढच्या साली’ म्हणतात आणि दर वर्षी कुणाच्या तरी वैनी सुरक्षित फिरून येतात. मी त्या दिवसापासून पंजाचं चित्र काढलेलं नाही. आणि आज हे गुळगुळीत पत्रक, आणि काकांचे ते उन्हात धरलेले पंजे.

सकाळच्याच गाडीनं मी तासगावला गेले. बागांवर पेपर बांधलेले घड, रस्त्याला ट्रॅक्टर, जाळ्यांवर अर्धा हिरवा अर्धा पिवळा झालेला माल. शेडवर बत्तीस जणी जेवायला बसल्या होत्या. खरेदीदारांचं यंदाही पत्र आलंय, एक महिला पाठवा. मी रात्रभर जागायच्या ऐवजी एसटीतच मसुदा लिहिला होता. उभी राहून वाचला. टाकीवर लांब रबरी हातमोजे मिळालेच पाहिजेत. कातडी बरी व्हायला कामाची पाळी बदलून मिळालीच पाहिजे. भिंतीच्या अलीकडं द्राक्ष सुरक्षित आणि पलीकडं बाई नागडी, हे चालणार नाही. मला वाटतं बरा होता.

रेहाना भाकरी चावत म्हणाली, “लय शब्द हायत गं. बापू दुसऱ्या वळीत झोपंल.”

बायका हसल्या. मावशी हसली नाही. तिनं माझ्या पिशवीतला एक कोरा पिवळा कागद घेतला, भिंतीपलीकडं जाऊन पॅकहाऊसचं निळं पॅड आणलं. म्हणाली, “अंगठं दिऊया.”

या बायकांना सही येते. माझ्या आजीला येत नव्हती. ती अंगठा लावायची आणि पंचायतीत लोक हसायचे, म्हणून तिनं मावशीला सातवीपर्यंत रेटलं. मावशी आयुष्यभर सही करत आली, पगाराच्या कागदावर, गटाच्या वहीत, शाळेत लेकीच्या दाखल्यावर, लफ्फेदार, शेवटी दोन टिंबं देऊन. तिच्या तोंडून अंगठा हा शब्द म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकीला कळलं.

“शालन, लोक म्हणतील अडाणी हायत,” कुणीतरी म्हणालं.

“म्हणूंदेत.” तिनं अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर उठवला. निळा डाग. गुळगुळीत. त्याच्या शेजारी रेहानाचा, मग पुढचीचा, मग तिच्या पुढचीचा. दोघी नव्या पोरी होत्या, याच वर्षी कामाला लागलेल्या. त्यांच्या अंगठ्यांवर अजून रेघा होत्या, लख्ख. त्यांनी आपले ठसे बघितले, मग बाकीचे तीस बघितले, आणि त्यांतली एक हळूच हात मागं घेऊन पदरात गुंडाळून बसली.

वर मथळ्याला चार बोटं जागा उरली होती. पेन काढून विचारलं, “काय लिहू?”

“काय बी लिवू नगं,” मावशी बोटाची शाई पुसत म्हणाली. “ह्यो कागद आसाच छाप. आनि पयली प्रत बापूस्नी नेऊन दे. म्हणावं, सडका मणी कुणाचा ते तुमाला अर्ध्या तासात कळतंय. ह्यात सतरा नंबर कंचा, तेवढं वळखून दावा.”